सस्पेन्स खातं

छत्तीस वर्षं बँकेत नोकरी केली, पण सस्पेन्शन म्हणून काही वाट्याला आलं नाही. आमच्या शाखेत दोन कारकुनांना मिळालं, एका शिपायाला मिळालं, एकदा तर खुद्द मॅनेजरसाहेबांना मिळालं. मी मात्र कोरडाच राहिलो. ते भाग्य उजाडलं निवृत्तीनंतर अकराव्या वर्षी, तेही सातासमुद्रापलीकडे इंग्लंडात, आणि तेही प्रत्यक्ष जावयाच्या हातून.

"बाबा, शनिवार-रविवार मोकळे आहात ना? सस्पेन्शन लावायचंय," जावईबापू नाश्त्याच्या टेबलावर म्हणाले.

माझ्या हातातला टोस्ट हातातच राहिला.

"कुणाला?"

"गाडीला."

गाडी म्हणजे ती गॅरेजातली. गेली तीन वर्षं आम्ही पुण्याहून फोन केला, की लेक म्हणायची, "हे गॅरेजात आहेत." सकाळी फोन केला तरी गॅरेजात, रात्री केला तरी गॅरेजात. पहिले सहा महिने आम्हांला वाटलं, दोघांचं काही बिनसलं असावं आणि आपली मुलगी तोंडानं सांगत नाही. आमची ही तर नवस बोलायच्या बेतात होती. मग कळलं, की जावईबापू मोटार बांधताहेत. लोक घर बांधतात, पागोटं बांधतात, फार तर संधान बांधतात. मोटार बांधणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि तो नेमका आमचा जावई निघावा! जावई हा दहावा ग्रह असतो म्हणतात. आमचा ग्रह कॉव्हेंट्रीच्या एका गॅरेजात स्थिर होता एवढंच.

इंग्लंडात हा षोक जुना आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन नावाच्या इंजिनियरानं लोटस सेव्हन नावाची एक चिमुकली मोटार काढली. तयार मोटारीवर तिथं खरेदी-कर बसे, सुट्या भागांवर बसत नसे. म्हणून लोक खोक्यांतून मोटार घरी नेत आणि स्वतः जोडत. असं सांगतात, की जोडणीच्या सूचना सोबत दिल्या तर ती तयार मोटार धरली जाण्याचं भय होतं. म्हणून 'मोटार सुटी कशी करावी' याच्या सूचना दिल्या जात आणि गिऱ्हाइकानं त्या शेवटाकडून वाचायच्या! (हे ऐकल्यापासून इंग्रजांबद्दल माझ्या मनात एक वेगळाच आदर उत्पन्न झाला आहे. आपल्या देशाला त्यांनी सरकारी कामकाज शिकवलं, यात काही नवल नाही.) १९७३ साली ती करपद्धत गेली आणि कराची सवलतही संपली, खाज मात्र गेली नाही. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन नावाच्या एका शाळामास्तरानं अवघ्या अडीचशे पौंडांत त्याच धर्तीची मोटार घरी कशी बांधावी याचं पुस्तक लिहिलं, आणि मग तर घरोघरी गॅरेजांतून ठिणग्या उडू लागल्या.

आमच्या जावयांनी ते पुस्तक वाचलं. अडीचशे पौंडांच्या आशेनं त्यांनीही लोखंडी चौकोनी नळ्या आणल्या, मागून ठोकर खाल्लेली एक माझदा एमएक्स-५ विकत घेतली आणि तिचं इंजिन, गिअर, चाकं नव्या सांगाड्यात बसवली. अशा जुन्या मोटारीला 'डोनर' म्हणतात, म्हणजे नेत्रदानात म्हणतात तसंच. अडीचशे पौंडांचं पुढे काय झालं, हे लेकीला सांगितलेलं नव्हतं. मला सांगितलं होतं. खातेदाराची शिल्लक बाहेर फोडायची नाही, ही बँकेच्या माणसाला सवयच असते.

तयार झालेली वस्तू मी पाहिली. छप्पर नाही, दारं नाहीत, उंची माझ्या मांडीपर्यंत. एखाद्या डोलीला चाकं लावून तिला इंजिनाच्या तोंडी द्यावं, तसं काहीसं. चारही चाकांना इंग्रजी ए अक्षरासारखे दोन-दोन लोखंडी हात होते. प्रत्येक चाकापाशी एक स्प्रिंग, तिच्या पोटातून गेलेला शॉक ॲब्सॉर्बर, आणि स्प्रिंगच्या बुडाशी आट्यांवर बसलेली एक चकती. चकती वर फिरवली, की गाडीचा तो कोपरा उचलला जातो. खाली फिरवली, की बसतो. चार चकत्या, चार कोपरे. यात अवघड ते काय, असं मला वाटलं. अवघड तिथंच होतं.

"बाबा, मोठ्या गाडीत कोण बसलंय याचा काही फरक पडत नाही," जावईबापू समजावू लागले. "पण ही आपली भरली जेमतेम ५६० किलो. त्यात मी बसलो, माझे ७२. म्हणजे सगळ्या वजनाचा जवळजवळ नववा हिस्सा एकटा ड्रायव्हर. म्हणून ड्रायव्हर बसलेला असतानाच चकत्या लावाव्या लागतात. आता मी आत बसलो तर चकत्या कोण फिरवणार? पण आपलं नशीब बघा, तुमचं वजनही बरोबर ७२!"

टोस्ट खाली ठेवला. इथं मला थोडं मागं जायला हवं.

तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांनी मला काट्यावर उभं केलं. काटा ८३ वर थांबला. रक्तात साखर निघाली, दाब निघाला, आणि "७२ वर या" असा हुकूम निघाला. लेक तिकडे हवालदिल. दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न, "बाबा, वजन किती?" पहिल्या महिन्यात मी खरोखर दोन किलो उतरलो आणि ८१ सांगितले. तिला इतका आनंद झाला, की पुढच्या महिन्यात तिचा विरस करणं माझ्या जिवावर आलं. ७९ म्हणालो. मग ७७. मग दिवाळी आली म्हणून प्रामाणिकपणे ७७ च ठेवले. मार्च-अखेरीला कर्जवसुलीचे आकडे कसे दाखवायचे असतात, हे मला कुणी शिकवायला नको. वर्षभरात मी फोनवर ७२ झालो. प्रत्यक्षात ८१ वर माझं जे खातं गोठलं, ते गोठलंच. हिला सगळं ठाऊक होतं; पण ही साक्ष कधी देत नाही, थेट निकाल देते, आणि तो अजून राखून ठेवलेला होता. लेकीच्या घरी उतरल्यापासून न्हाणीघरातल्या वजनकाट्याकडे पाठ करून मी दात घासत होतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण समोर जावई, शेजारी लेक, मांडीवर टोस्ट. मी म्हणालो, "आपलं नशीबच!"

शनिवारी सकाळी जावईबापूंनी त्यांच्या मोटारवाल्यांच्या क्लबातून उसने आणलेले चार वजनकाटे मांडले. पंगतीला पाट मांडावेत तसे चार चपटे पाट, एकेका चाकाखाली एकेक. चौघांच्या वायरी एका डब्यात, आणि डब्यावर चार आकडे. काटे रविवारी रात्री परत करायचे होते, आणि पुढल्या गुरुवारी गाडीची सरकारी तपासणी होती. या तपासणीत म्हणे बाहेरची प्रत्येक कड किती गोल आहे, हे मोजून बघतात; गोलाईची त्रिज्या अडीच मिलिमीटरपेक्षा कमी भरली, की गाडी नापास! आमच्याकडे एसटीच्या पत्र्यानं ज्यांची धोतरं फाटली, त्यांना हे ऐकून भरून येईल.

पहिली अडचण जमिनीची. गॅरेजातलं पाणी वाहून जावं म्हणून जमिनीला दाराकडे उतार होता आणि चारही पाट तर एका पातळीत हवेत. जावईबापू पारा-पट्टी घेऊन अर्धा तास लोटांगणं घालत होते. इथं मी माझा पहिला आणि शेवटचा निर्भेळ विजय मिळवला. "आमच्याकडे गवंडी काय करतात ठाऊक आहे का? पारदर्शक नळीत पाणी भरतात. दोन टोकं दोन भिंतींशी धरली, की पाणी खोटं बोलत नाही." नातवाच्या माशांच्या टाकीची नळी आणली, पाणी भरलं आणि दहा मिनिटांत पातळी मिळाली. दाराकडच्या दोन पाटांखाली विनाइलच्या पातळ फरशा सरकवल्या, पाच-पाच, सहा-सहा. "बाबा, तुम्ही ग्रेट आहात," जावई म्हणाले. 'पाणी खोटं बोलत नाही' हे वाक्य मला तेव्हाच जरा बोचलं होतं, पण विजयाच्या भरात मी तिकडे दुर्लक्ष केलं.

मग मी आत बसलो. 'बसलो' हा शब्द त्या क्रियेला अपुरा आहे. आधी एक पाय आत टाकायचा, मग हात टेकून अंग उचलायचं, मग दोन्ही पाय एका बोळात सारायचे आणि मग देवाचं नाव घेऊन अंग सोडायचं. बरणीत लोणचं दाबून भरतात तसा मी भरला गेलो. पट्टा आवळला गेला. टायरांत हवा १८ पौंड. गाडी हलकी म्हणून हवाही हलकी. नातू डब्यापाशी आकडे वाचायला. "आजोबा, हलू नका. श्वास जोरात घेऊ नका. बाहेर डोकावू नका." शाळेत असताना माझा फोटो काढला, तेव्हाही इतकी बंधनं नव्हती.

नातवानं आकडे वाचले. पुढचं डावं १३३, पुढचं उजवं १७७, मागचं डावं १७३, मागचं उजवं १५८.

जावईबापूंनी वहीत बेरीज केली आणि ते थांबले. "६४१. ५६० आणि ७२ म्हणजे ६३२ यायला हवेत. नऊ किलो जास्त येताहेत."

आता मी काय करावं? सज्जन माणसानं काय केलं असतं, ते सांगायला नको. मी म्हणालो, "नवाचा फरक? मग सोपं आहे! बेरजेतला फरक नवानं भागला गेला, की कुठंतरी दोन आकडे उलटे लिहिले गेलेत असं समजावं. बँकेचा नियम आहे."

नियम शंभर टक्के खरा आहे. ७२ चे २७ लिहिलेत तर फरक पंचेचाळीस येतो, म्हणजे नवाची पाचपट. याच नियमाच्या बळावर मी छत्तीस वर्षं ट्रायल बॅलन्स जुळवले. पण त्या दिवशी त्या थोर नियमाला मी आडोसा म्हणून उभं केलं. तो बिचारा पोरगा, शिकला मेकॅनिकल, नोकरी कॉम्प्युटरची, सासऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून वहीतले आकडे उलटसुलट तपासत बसला. मग पाटांची अदलाबदल केली. मग डबा बंद करून चालू केला. मग पुढच्या चाकांच्या मधला अँटी-रोल बार सोडवलाय ना, हे पाहिलं. तो जोडलेला राहिला तर एका बाजूचा भार दुसरीकडे ढकलतो. तो सोडवलेलाच होता. मग पाटांवर टायर अडकून बसले असतील म्हणून मला आत ठेवून गाडी चारी बाजूंनी घुसळली. सत्यनारायणाच्या शिऱ्यातल्या केळ्यासारखा मी एकजीव झालो. पुन्हा मोजलं. ६४१.

शेजारचे इंग्रज आजोबा चहाचा मग घेऊन दारात उभे होते. ते कधीकाळी मोटारीच्याच कारखान्यात होते. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, "हं" म्हणाले आणि निघून गेले. इंग्रज माणूस एका 'हं' मध्ये किती बोलू शकतो!

दुपार चाकांच्या कोनांत गेली, ती मी लांबवत नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंना ओळीत दोऱ्या ताणल्या आणि चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजलं. चाकं कुठं तोंड करून उभी आहेत ते यावरून कळतं. आपल्याकडे पायाची आखणी करतात, त्याचीच धाकटी बहीण. मात्र एक गोष्ट मला फार आवडली. पुढचं चाक ज्या धुऱ्याभोवती वळतं तो सरळ उभा नसतो, वरून जरा मागं कललेला असतो, त्याला 'कॅस्टर' म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा असाच कललेला असतो, म्हणून तर हँडल सोडून दोन्ही हात खिशात घालून कॉलेजच्या फाटकासमोरून जाता येत असे. वळणावरून स्टिअरिंग सोडलं, की ते आपोआप सरळ होतं, ते या कलण्यामुळे. सरकारी तपासणीत हेही बघतात.

"कॅस्टर कमी असला तर काय होतं?" मी विचारलं.

"मग गाडी सरळ व्हायचं नाव घेत नाही. एकदा वाकडी गेली की जातच राहते."

माझ्या बोळात मी गप्प बसलो.

संध्याकाळी जेवताना जावईबापूंचा चेहरा उतरलेला होता. लेकीनं माझ्या पानात दुसरी पोळी वाढली नाही आणि कौतुकानं म्हणाली, "बाबांनी बघा कसं वजन आटोक्यात ठेवलंय!" ही माझ्याकडे न बघता ताक पीत राहिली.

रात्री झोप येईना. १९८४ सालची एक रात्र आठवत होती. आमच्या शाखेत त्या दिवशी ९० रुपयांचा फरक आला. शिल्लक जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही अशी तेव्हाची शिस्त. रात्री साडेदहापर्यंत चौदा माणसं लेजरं उलटीपालटी करत होती. एका बाईंचं तान्हं मूल घरी होतं. ५४० च्या जागी ४५० लिहिणाऱ्या कारकुनाला आठ वाजताच आपली चूक सापडली होती. पण साहेबांच्या भीतीनं तो तोंड उघडेना. शेवटी फरक 'सस्पेन्स खात्या'त टाकून सगळे घरी गेले. ज्या रकमेचा हिशोब लागत नाही, ती तात्पुरती ठेवायचं खातं ते सस्पेन्स खातं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चूक आपोआप सापडल्यासारखी सापडली. तो कारकून कोण, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथंही सांगणार नाही.

साडेअकराला स्वेटर चढवला, कानटोपी घातली आणि जिना उतरलो. गॅरेजात दिवा होता. जावईबापू गाडीच्या चाकाला टेकून जमिनीवर बसले होते आणि फोनवर काही लिहीत होते.

"काट्यांच्या मालकाला कळवतोय," ते म्हणाले. "काटे नऊ किलो जास्त दाखवताहेत. बहुतेक आपल्याकडूनच काही बिघडलं असणार. दुरुस्तीचा खर्च देतो म्हणून लिहितोय. तपासणीची तारीख पण पुढे ढकलावी लागेल. चुकीच्या आकड्यांवर गाडी लावून रस्त्यावर आणणं बरं नाही. ब्रेक मारला की एक चाक आधी घसरतं, आणि मागाहून नातू बसणार तुमचा."

"ते पाठवू नका," मी म्हणालो. "८१."

"काय ८१?"

"मी."

गॅरेजात इतकी शांतता झाली, की टायरमधली हवा ऐकू यावी. जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. आता ते काय बोलतील याचे सात-आठ प्रकार माझ्या मनात येऊन गेले. त्यांनी वही ओढली, ५६० खाली ८१ लिहिले, बेरीज केली, आणि जागच्या जागी उडी मारली.

"म्हणजे काटे बरोबर आहेत!"

दुसरं काही नाही. सासरा खोटं बोलला, दिवस वाया गेला, यातलं एक अक्षर नाही. काटे बरोबर आहेत! त्यांनी माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला. टॅली जुळल्यावर आमच्या कॅशियरच्या चेहऱ्यावर जे तेज येई, नेमकं तेच तेज. हे स्थळ पसंत करताना मी पत्रिका पाहिली होती, पगार पाहिला होता. हे पाहायचं राहून गेलं होतं.

"हिला सांगायचं का?" थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं.

"तूर्त नको," मी म्हणालो.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही अडीचशे पौंडांचं अजून..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, मीही करून दिलं नाही.

रविवारी सकाळी प्रश्न उरला ७२ किलोंचा. माझी उमेदवारी रद्द झाली होती. जावईबापू आपल्या लोकांच्या दुकानात जाऊन तांदळाच्या दहा-दहा किलोंच्या पाच पिशव्या घेऊन आले. दोन घरात होत्या. सात पिशव्या, वर दोन किलो तुरीची डाळ. पाच पिशव्या बैठकीवर, दोन पायांच्या बोळात, डाळ मांडीच्या जागी. पट्टा आवळला. मी बसलो होतो त्यापेक्षा तो तांदूळ पुष्कळ डौलदार दिसत होता. नातवानं आकडे वाचले: १३२, १७५, १७१, १५४. बेरीज ६३२. किलोला किलो जुळला. मी आणि जावईबापूंनी एकमेकांकडे पाहिलं, आणि त्याच क्षणी लेक दारात उभी राहिली. तिला खिचडीला तांदूळ हवा होता.

"बाबा इथं असताना तांदूळ कशाला?"

आम्ही दोघंही मोठ्या एकाग्रतेनं स्प्रिंगकडे पाहू लागलो.

"कारण आजोबा नऊ किलो जास्त आहेत," नातू म्हणाला. त्याच्या शाळेत खरं बोलायला शिकवतात.

मला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर फार बरं झालं असतं. ती बॉनेटला टेकून उभी राहिली. डब्यावरचे आकडे भराभर बदलले, पण ते सांगायची कुणाची छाती झाली नाही.

"आणि साखर?"

"साखर तशी..."

"फोनवर ११० सांगता. ती किती आहे?"

"गेल्या महिन्यात १६८ होती. उपाशीपोटी."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, मला इथून तुम्ही दिसत नाही हो. तुम्ही सांगता तो आकडाच तेवढा दिसतो."

यावर मला काही सुचलं नाही, आजही सुचत नाही. मी सगळे आकडे सांगितले. वजन, साखर, दाब, सकाळी न केलेल्या फेरफटक्यांची संख्या, कोपऱ्यावरच्या दुकानातला शनिवारचा बटाटेवडा. ती म्हणाली, "थांबा, लिहून घेते," आणि तिनं जावईबापूंच्या हातातली वही घेतली. कोरं पान शोधायला ती शेवटाकडून पानं चाळू लागली. जावईबापू "त्यात नको, मी दुसरी आणतो," म्हणेपर्यंत उशीर झाला होता. मोटारीच्या खर्चाचा हिशोब शेवटच्याच पानांवर होता.

पुढची पाच मिनिटं मी गाळतो. त्या घरात त्या दिवशी दोन खाती एकदम उघडी पडली, इतकंच.

खिचडी झाली ती एका वाटीच्या मापानं, माझ्यासाठी. ती खाऊन मी कामाला लागलो. कारण आता गाडीत तांदूळ बसला होता आणि मी मोकळा होतो. सी अक्षरासारखा एक पाना असतो, त्यानं चकत्या फिरवायच्या. मला वाटत होतं, ज्या चाकावर भार जास्त, तिथली चकती खाली केली की झालं. जावईबापू म्हणाले, "नाही बाबा, कर्ण बघायचा. पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून २८६. दुसऱ्या कर्णावर ३४६. दोन्हीकडे ३१६ हवेत."

मला ते कळेना. मग पूजेचा चौरंग आठवला आणि लख्ख प्रकाश पडला. चौरंग डुगडुगतो तो नेहमी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर. एका अधांतरी पायाखाली कागदाची घडी सरकवा, की कर्णावरचा दुसरा पायही घट्ट टेकतो. गाडीचं तसंच. पुढची डावी चकती वर फिरवली, की पुढचं डावं आणि मागचं उजवं दोन्ही जड होतात, उरलेली दोन तितकीच हलकी होतात. एकूण बेरीज मात्र तीच. पुढची दोन मिळून ३०७ ती ३०७ च, उजवी दोन मिळून ३२९ ती ३२९ च. स्प्रिंगनं भार इकडचा तिकडे करता येतो, कमी करता येत नाही. म्हणजे शुद्ध जमाखर्च! एका खात्यात जमा, दुसऱ्यात नावे. हे समजल्यावर मला कुणी थांबवू शकलं नाही. इकडे अर्धा फेरा वर, तिकडे अर्धा फेरा खाली, म्हणजे गाडीची उंची बदलत नाही. मग गाडी घुसळायची, मग आकडे. गुडघ्यांचं काय झालं ते विचारू नका. ३००-३३२. ३०९-३२३. चार वाजता ३१४-३१८ झाले.

"चार किलो सस्पेन्स खात्यात टाका," मी म्हणालो. "काटे परत द्यायचेत."

"नाही बाबा," जावई म्हणाले, "अजून पाव फेरा."

त्या पाव फेऱ्यानं ३१६-३१६ झाले. शेजारचे आजोबा दारात होतेच. त्यांनी डब्याकडे पाहिलं, पट्ट्यात बांधलेल्या तांदळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी म्हणाले, "हं!" पण हे 'हं' निराळं होतं.

गुरुवारी गाडी तपासणीत नापास झाली. सस्पेन्शन पास, स्टिअरिंग आपोआप सरळ. पण आरशाच्या पट्टीची एक कड अडीच मिलिमीटरला कमी पडली. जावईबापूंनी ती कानशीनं घासली, पुढच्या खेपेला पास झाली, आणि नंबर मिळेपर्यंत आमचा तिथला मुक्काम संपत आला.

पहिल्या फेरीला डावीकडे कोण बसणार यावर घरात चर्चा झाली. नातू लहान, हीनं गाडी पाहूनच हात जोडले. जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्हीच या. मी एकटा उजवीकडे असलो की उजवी बाजू जड, त्याला स्प्रिंगचा इलाज नाही. डावीकडे कुणीतरी बसायलाच हवं." कागद काढून त्यांनी मला हिशोबही दाखवला: माझे ८१ धरून डावी बाजू ३६१, उजवी ३५२. फरक नऊ.

मी लोणच्यासारखा आत गेलो. लेक फाटकापाशी उभी होती.

"बाबा, आज किती?"

"साडेएकोणऐंशी," मी म्हणालो. "न्हाणीघरात काटा अजून तसाच आहे, जाऊन बघून ये."

ती खरोखर बघायला गेली. जावईबापूंनी कागदावरचे ८१ खोडून साडेएकोणऐंशी लिहिले, बेरीज पुन्हा केली आणि हँडब्रेक सोडला.